ऑल-कॉन्ट्रिब्युटर्स बॉट: आभारांच्या खात्यावरचा कारकून

आधी निकाल सांगून टाकते: मदत करणाऱ्यांची नावं तक्त्यात नोंदवणारा हा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लावा. पण तो लावला म्हणजे आभार मानून झाले, असं समजू नका.

मी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा खुला कोड, सांभाळते. कोणी कशीही तारीख लिहून दिली तरी ती नीट वाचायची, एवढंच तिचं काम. अशा प्रकल्पाला मदत करणारे बरेचसे लोक कोडला हातही लावत नाहीत. कोणी बग कळवतं, कोणी डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं स्वतः चालवून बघतं, कोणी नवख्यांच्या त्याच त्याच प्रश्नांना न वैतागता उत्तरं देतं. असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहबच्या कॉन्ट्रिब्युटर्स आलेखाला यातलं काहीच दिसत नाही. तो कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, मोजतो, तेही मुख्य ब्रँचवरचे, म्हणजे मुख्य प्रतीतले. कमिटमधला ईमेल खात्याशी जोडलेला नसेल, तर कोड लिहिणारासुद्धा त्यातून गळतो.

माझ्याकडचंच बघा. एका बाईंनी कळवलं की लायब्ररी ‘2024-366’ नाकारते. वर्षातला कितवा दिवस, अशी तारीख लिहायची पद्धत आयएसओ 8601 मध्ये आहे. 2024 लीप वर्ष, म्हणजे 366वा दिवस 31 डिसेंबर. तारीख अगदी बरोबर. त्यांच्याकडे मूळ अडचण एका भल्यामोठ्या लॉग फाइलमध्ये आली होती. ती छाटत छाटत त्यांनी एका ओळीवर आणली. वर ‘2020-366’ही अडतं आणि ‘2023-365’ चालतं, हेही तपासून लिहिलं. एवढं हातात आल्यावर मला करायचं काय उरलं? ‘पेक्षा लहान’च्या चिन्हापुढे एक ‘बरोबर’ टाकला. कमिट माझ्या नावावर, आलेखातली रेघ माझी वर गेली. बाईंचं नाव कुठेच नाही.

केंट सी. डॉड्स यांनी सुरू केलेला ऑल-कॉन्ट्रिब्युटर्स नेमका इथे कामाला येतो. इश्यूखाली (गिटहबवर कळवलेल्या अडचणीखाली) कमेंटमध्ये बॉटला हाक मारायची, अमुक व्यक्तीला अमुक कामासाठी जोड म्हणायचं, की तो स्वतः पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, उघडतो. ती मर्ज केली, म्हणजे स्वीकारली, की रीडमीतल्या (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमधल्या) तक्त्यात त्या व्यक्तीचा फोटो, नाव आणि खाली कामाची इमोजी दिसते: बगसाठी किडा, डॉक्युमेंटेशनसाठी पुस्तक, भाषांतरासाठी पृथ्वीचा गोल, रिव्ह्यूसाठी डोळे. कोडसाठी लॅपटॉप आहे, पण तोही रांगेतला एक. मला सगळ्यात आवडलं ते हे. इथे कोणाचाही आकडा नाही, त्यामुळे पहिला-दुसरा नंबरही नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळी यादी एकाच कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे बॉटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, राहते. दोन-तीन जणांना एकदम जोडायला सांगितलं की त्या पुल रिक्वेस्ट एकमेकींना आडव्या येतात. एक मर्ज करून मग पुढच्याला जोडायला सांगावं, हे बरं. दुसरं, ज्यांचं गिटहबवर खातंच नाही, ज्यांनी नुसता ईमेल पाठवला, त्यांना तो जोडू शकत नाही.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. स्पेलिंगची चूक दाखवणाऱ्यालाही किडा आणि 366वाल्या बाईंनाही तोच किडा! कारकून नोंद चोख करतो, पण कामाचं मोल जाणणं हे काही त्याचं काम नव्हे.

ते कसं जाणावं हे कर्ल या ओपन सोर्स प्रकल्पाकडे बघून कळतं. तिथे कमिट संदेशातच ‘रिपोर्टेड-बाय’ (कोणी कळवलं) अशी ओळ लिहितात, एक छोटी स्क्रिप्ट ती नावं गोळा करते आणि नव्या आवृत्तीसोबतच्या रिलीज नोट्समध्ये ती छापली जातात. शिवाय थँक्स नावाची एक फाइल आहे, त्यात हजारो नावं. फोटो नाही, इमोजी नाही, खातं असण्याची अट नाही. लिनक्स कर्नलमध्येही (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’ (कोणी तपासलं) चालतं, आणि बग खासगीत कळवला असेल तर नाव घालण्याआधी विचारा, असं त्यांचे नियम सांगतात. हे मी जसंच्या तसं उचललंय. सगळ्यांनाच चारचौघांत नाव नको असतं.

त्यामुळे माझ्याकडे आता दोन्ही चालतं. तक्ता बॉट सांभाळतो. रिलीज नोट्समध्ये मात्र कोणी काय केलं याचं एक वाक्य मी हाताने लिहिते: ‘लीप वर्षातला 366वा दिवस नाकारला जात होता, अमुक यांनी मोठ्या फाइलमधून एका ओळीचं उदाहरण काढून दिलं.’ ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ ही ओळ काढून टाकली. ती वाचून कोणाला आपलं काम आठवत असेल, असं मला तरी वाटत नाही.

लावणार असाल तर कॉन्फिगमध्ये फाइलचं नाव बदलून तक्ता वेगळ्या फाइलमध्ये न्या, नाहीतर रीडमी उघडणाऱ्याला वापरायची माहिती शोधत बसावं लागतं. प्रकल्प जुना असेल तर सोबतच्या कमांड-लाइन टूलची ‘चेक’ कमांड आधी चालवा. कमिट करूनही तक्त्यात न आलेली नावं ती दाखवते. बग कळवणाऱ्यांसाठी तसली सोय नाही. त्यांच्यासाठी बंद झालेले इश्यू एकेक करून उघडावे लागतात. माझे अजून वाचून व्हायचे आहेत.