फर्स्ट कॉपी की साधे अस्सल घड्याळ?

समाजमाध्यमावर पंधरा हजारांना मिळणारी रोलेक्स सबमरीनर या महागड्या घड्याळाची 'फर्स्ट कॉपी' (हुबेहूब नक्कल) घ्यावी की तेवढ्याच पैशांत टायटनचे ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे) घड्याळ, असा पेच भाच्याने माझ्यापुढे टाकला.

किंमत सारखीच असली तरी जोखीम सारखी नाही. कॉपीचे पैसे बहुधा आगाऊ द्यावे लागतात, पक्के बिल मिळत नाही आणि पार्सलमधून वेगळेच काही निघाले तर दाद कोणाकडे मागायची हा प्रश्नच उरतो. शिवाय खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार गुन्हा असल्यामुळे विक्रेता सहसा नावपत्ता देत नाही.

टिकाऊपणात तर तुलनाच नको. अस्सल सबमरीनर ३०० मीटर खोलीपर्यंत पाणी रोखते. माझ्या ओळखीच्या घड्याळजींनी उघडलेल्या कॉपीत मात्र पाणी अडवणारे रबरी कडे जागेवरून सरकलेले होते आणि तारखेच्या चकतीवर गंज चढला होता. अशा घड्याळाला अधिकृत सेवाकेंद्र हात लावत नाही. टायटनला वॉरंटी असते, सुटे भागही मिळतात.

केवळ चार तासांच्या लग्नापुरता रुबाब हवा असेल, तर कॉपीचा मोह समजू शकतो (तारखेवरचे भिंग पाहून जाणकार तिथेही नक्कल ओळखतोच). रोज मनगटावर बांधायचे असेल, तर टायटनच घ्यावे.