१८ इंची कटर मशीन ११ महिने वापरून: इंजिन झकास, पण ऑइलच्या टोपणानं जीव खाल्ला

काल ज्या दुकानातनं हे झाडं कापायचं चेनवालं मशीन घेतलं तिथनं फोन आला, वर्ष होत आलंय, सर्व्हिसिंगवर ऑफर आहे, घेऊन या म्हणून. सगळं परत डोक्यात आलं आणि लिहायला बसलो. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या ५८ सीसीच्या मशीन सगळ्या एकाच साच्यातल्या, नुसते स्टिकर वेगळे.

दिवाळी पाडव्याला सांगलीतनं घेतलं. घरच्या बांधाची निलगिरी आणि सुबाभूळ काढायची होती, म्हटलं कटरवाल्याला रोज देण्यापेक्षा स्वतःचंच घ्यावं. बांध झाला तसं गावातनं बोलावणी सुरू झाली, मग मिरज पूर्व भाग, तासगाव, कवठेमहांकाळपर्यंत फिरलो. द्राक्षबागेवर सावली पडते म्हणून कडेची झाडं उतरवायची असतात, कुणाच्या पत्र्यावर चिंच आलेली असते, कुणाच्या दारातला गुलमोहर वळवात अर्धा मोडलेला असतो. सहाशे-सातशे तास तरी झाले नसतील पण तीनशेच्या वर नक्की झालेत, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

इंजिनबद्दल तक्रार नाही. थंड असताना चोक लावून तिसऱ्या-चौथ्या दोरीला, गरम असताना पहिल्याच दोरीला चालू. ताकद भरपूर. माझा सगळा राग आहे तो ऑइलच्या टोपणावर. पेट्रोलचं नव्हे, चेनला ऑइल जातं त्या टाकीचं टोपण.

पहिल्या महिन्यापासनं मशीन जिथं ठेवीन तिथं तेलाचं थारोळं. पिकअपमध्ये गोणपाट अंथरलं तर सकाळी गोणपाट ओलं. फेब्रुवारीत मिरजेत एका काकूंच्या अंगणात गुलमोहराच्या फांद्या उतरवल्या, जेवायला बसलो तेव्हा मशीन त्यांच्या शहाबादी फरशीवर ठेवलं होतं. अर्ध्या तासात ताटाएवढा काळा डाग. सोडा टाकला, भुस्सा टाकून घासलं, शहाबादी फरशी तेल पिते, ती काय सोडते. काकूंनी मजुरीतले २०० रुपये कापले. त्यांचं चुकलं म्हणत नाही, पण एका टोपणापायी माझे २०० गेले हे मला आजपण सहन होत नाही.

दुकानात गेलो तर पहिलं उत्तर, "थोडं गळतंच सगळ्यांचं." आवाज चढवल्यावर मशीन ठेवून घेतलं. २२ दिवस. ऐन छाटणीच्या सीझनला. रोज फोन केला की पार्ट आला नाही, पार्ट निघालाय, पार्ट उद्या येतोय. मी म्हटलं दादा टोपणातली रबरी रिंग बदला नुसती, तर म्हणे रिंग वेगळी येत नाही, पूर्ण कॅप घ्यायला लागती. शेवटी कॅप बदलून दिली, वॉरंटीत असून १८० रुपये घेतले कारण कॅप म्हणे 'वापरानं झिजणारा पार्ट'. तिसऱ्या दिवशी परत थारोळं.

आता इथपर्यंतचं माझं मत होतं की मशीन फालतू, घेऊ नका. पण पुढं जे झालं त्यानं मत अर्धं बदललं, ते पण सांगतो कारण त्यात माझी चूक आहे आणि अशीच चूक मी खूप जणांना करताना बघतोय.

मार्चमध्ये कवठेमहांकाळकडं वाळकी चिंच कापत होतो. चिंचेचं लाकूड लोखंडासारखं, त्यात वाळकं. दहा मिनिटांत चेन ढिली पडली, ताणली, परत ढिली. मग बारमधनं, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिच्यातनं, धूर यायला लागला. बंद करून बघतो तर बारच्या कडा निळ्या पडलेल्या. ऑइलची टाकी अर्धी भरलेली! म्हणजे जे ऑइल अंगणात सांडत होतं ते चेनला मात्र जातच नव्हतं. बार आणि चेन दोन्ही गेलं, त्या दिवसाची मजुरी त्यातच गेली.

दुकानात परत २२ दिवस घालवायची ताकद नव्हती, म्हणून तासगावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत त्यांच्याकडं नेलं. आपल्या द्राक्षपट्ट्यात पाठीवरचे बरेच फवारणी पंप टू-स्ट्रोकवर चालतात, त्यामुळं या माणसांचा हात कार्बुरेटरवर असा बसलेला असतो की विचारू नका. त्यांनी ऑइल टाकीतनं तारेच्या आकडीनं आतली नळी बाहेर ओढली. नळीच्या टोकाला बारकी जाळी असते, शेंगदाण्याएवढी. तिच्यावर काळा चिखल बसलेला, डांबरासारखा. बोटानं चोळला तर आत बारीक चमचमणारा लोखंडाचा कीस. मिस्त्रींनी एकच विचारलं, "जळकं ऑइल घालताय न्हवं?"

घालत होतो. पहिल्या दिवसापासनं. दोस्ताच्या गॅरेजमधनं गाडीचं काढलेलं काळं ऑइल फुकट मिळायचं, सगळे तेच घालतात, मी पण तेच घातलं. त्यात इंजिनातला कीस असतो, काजळी असते, तीच जाळीत आणि पंपात जाऊन बसली. आणि ते पातळ. चेन फुल रेसला सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते, पातळ तेल बारच्या टोकाला पोचायच्या आधीच उडून जातं. चेनचं खरं ऑइल बोटांत धरून ताणलं तर गुऱ्हाळातल्या काकवीसारखी तार धरतं, ते चिकटून राहतं. फुकटच्या तेलात वाचवलेले पैसे एका बारमध्ये गेले.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती मला कुणीच सांगितली नव्हती. ऑइल टाकीला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. ते भुस्स्यानं बुजलं की पंप तेल ओढतो पण मागनं हवा येत नाही, टाकी आतनं आवळते आणि तेल थांबतं. उलट गरम मशीन उन्हात ठेवलं की आतली हवा फुगते आणि तेल पंपातनं बारकडं ढकललं जातं, तिथनं ठिबकतं. म्हणजे 'थोडं गळतंच' हे दुकानदार बोलला ते पूर्ण खोटं नव्हतं. काम झालं की ऑइलचं टोपण एकदा सैल करायचं, फुस्स करून हवा जाते, परत घट्ट करायचं. एवढ्यावर निम्मं गळणं थांबलं.

पण राहिलेलं निम्मं टोपणाचंच होतं, यावर मी आजही ठाम आहे. जुन्या-नव्या दोन्ही कॅपची रिंग मिस्त्रींनी हातात दिली, गोल असायला पाहिजे ती एका बाजूनं चपटी. ती घेऊन हायड्रॉलिकचे सील विकणाऱ्या दुकानात गेलो, त्यानं डब्यातनं तीन रिंगा काढून लावून बघितल्या, तिसरी बसली. दहा रुपये. दहा रुपयांच्या रिंगेसाठी माझे २२ दिवस घालवले आणि १८० घेतले. त्याला आता सहा महिने झाले, टोपणातनं एक थेंब नाही.

टोपणाबद्दल आणखी एक, हे खरं धोक्याचं आहे. पेट्रोलचं आणि ऑइलचं टोपण दिसायला सारखं, साइज सारखी, रंग सारखा, फक्त वरती बारीक ठसा. आमच्या मावसभावानं एकदा घाईत ऑइलच्या टाकीत पेट्रोल ओतलं. मी बघितलं म्हणून बरं, नाहीतर तापलेल्या चेनवर पेट्रोल उडालं असतं. मी बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन पेट्रोलचं टोपण रंगवलंय. मशीन घरी आणल्या आणल्या पहिलं हे करा. आणि टोपण उघडायच्या आधी भोवतालचा भुस्सा फुंकून, फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर तो सगळा टाकीत जातो आणि परत जाळी.

ऑइल जातंय का बघायची सोपी पद्धत म्हणजे बारचं टोक पांढऱ्या खोक्याच्या पुठ्ठ्यासमोर वीतभर लांब धरून रेस द्यायची, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकी पण जवळजवळ संपायला पाहिजे. ऑइल शिल्लकच राहत असेल तर आनंद मानू नका, चेन कोरडी चाललीय. बार दर चार-पाच दिवसांनी उलटा करून बसवायचा आणि बारवरचं ऑइलचं भोक काडीनं कोरायचं.

बाकी गोष्टी. पेट्रोल मिक्स माझ्या मशीनवर २५ ला १ लिहिलंय, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल). अंदाजे बाटलीच्या झाकणानं घालू नका. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं पावसाळ्यात मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मी जुलैत केलं नाही, कार्बुरेटरमधला पातळ पडदा कडक झाला, परत मिस्त्री.

कानस. माझी चेन .३२५ इंच पिचची (कड्यांच्या अंतराचं माप) आहे, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागती, दुकानदार हातात येईल ती देतो. भुस्सा पिठासारखा पडायला लागला की चेन बोथट, मिठाच्या खड्यासारखा जाडसर पडला पाहिजे. मी दर दोन टाक्यांना प्रत्येक दाताला दोन-तीन वेळा कानस मारतो, ३० अंशात, सगळ्या दातांना सारखी. बोथट चेन माणूस दाबतो, आणि दाबलं की घात होतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन तोंडाकडं उसळतं, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीखालनं घट्ट आवळलेला पाहिजेच.

हे मशीन झाडावर नेऊ नका. तेल-पेट्रोल भरून सात किलोच्या आसपास जातं. वर मी वाकडी हातकरवत म्यानात घालून नेतो आणि खरं सांगू, मनगटाएवढ्या फांदीला तीच भारी.

बेल्टबद्दल मात्र पैसे वाचवू नका. मी आधी बांधकामावरचा बेल्ट घेतला होता, कडी फक्त पाठीत. फेब्रुवारीतच एकदा पाय सटकला आणि त्या पाठीच्या कडीला लटकलो, तोंड बाहेर, हात फांदीला पोचेना, खालच्यांनी शिडी लावेपर्यंत मांड्या बधिर. झाडाला कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला बेल्ट पाहिजे, म्हणजे बुंध्याभोवती दोर फिरवून मागं रेलून दोन्ही हात मोकळे राहतात. तो दोर आत तारेचा असलेला घ्या, साध्या नायलॉनला चेन नुसती टेकली तरी तुटतो. तारेचा पण तुटू शकतो, म्हणून कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं. फांदी उतरवायला विहिरीवरचा जुना नाडा वापरू नका, उन्हानं तो आतनं कुजलेला असतो.

लांब दांडीची करवत ॲल्युमिनियमची आहे, घरच्या आंब्याला उत्तम. विजेच्या तारेजवळ ती हातात सुद्धा धरत नाही. महावितरणच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घेतल्याशिवाय त्या झाडाला हातच लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. आणि चढायच्या आधी खालनं आग्या मोहोळ बघा. मशीनच्या आवाजानं ते उठलं तर दोरातनं सुटेपर्यंत काय होईल विचार करा.

फांदी कशी कापायची यावर लोक माझ्याशी वाद घालतात म्हणून लिहितो. बुंध्यापासनं हातभर लांब आधी खालनं एक काप, पाव भागापर्यंत. मग त्याच्या थोडं पुढं वरनं. फांदी पडताना बुंध्याची साल सोलत खाली येत नाही. राहिलेला खुंट मग शेवटी, फांदीच्या मुळाशी जी फुगीर वळी असते तिला न दुखवता तिच्या बाहेरनं. बुंध्याशी सपाट कापलं की दिसायला छान दिसतं पण झाड ती जखम बंद करू शकत नाही, आतनं पोकळ होतं. अमेरिकेत ॲलेक्स शायगो म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं उभी चिरून हे बघितलं. जखमेवर डांबर, ऑइलपेंट फासून उपयोग नाही हेही त्यांचंच. बागेत बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावतात ती बुरशीसाठी, ते वेगळं. महापालिका हद्दीत असाल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली लेखी परवानगी गिऱ्हाइकानं आधी काढलेली असली पाहिजे, मी कागद बघितल्याशिवाय दोरी ओढत नाही.

तर घ्यावं का? घ्या, पण जवळ फवारणी पंपाचा चांगला मिस्त्री असेल तर. आणि घेताना दुकानदाराला सीसी विचारू नका, ऑइलच्या टोपणाची रिंग सुट्टी देतोस का विचारा. नाही म्हटला तर पुढचं दुकान.

श्रावणात त्याच काकूंचा परत फोन आला, उरलेला गुलमोहर रस्त्याकडं कललाय म्हणून. गेलो तर गोणपाट त्यांनीच आधी काढून ठेवलेलं. मी म्हटलं काकू, नको, वर्तमानपत्र द्या. टोपण सैल करून हवा काढली, घट्ट केलं, मशीन पेपरवर ठेवलं आणि झाडावर गेलो. दोन तासांनी उचललं तर बारच्या बाजूला रुपयाएवढा एक डाग, टोपणाखालचा कागद कोरडा. तो कागद मी काकूंना दाखवला. या वेळी पूर्ण मजुरी मिळाली.