एमडीएफ की प्लाय? पडवीतल्या सुतारकामाचा हिशेब

माझं घर गुहागरला, समुद्राच्या गाजेत, आणि सुतारकाम चालतं पडवीत. त्यामुळे पुण्यात फ्लॅटमध्ये बसून ठरवणाऱ्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही, हे आधीच सांगतो.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी, प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली. कापायला आणि रंगवायला एमडीएफसारखं सुख नाही. रेषा नाहीत, गाठी नाहीत, राउटर (नक्षी कोरायचं मशीन) हवा तसा फिरवा. गणपतीच्या मखराची जाळी मी १२ एमएमच्या एमडीएफमध्येच कापतो. प्लायमध्ये बारीक नक्षीचे पापुद्रे सुटतात. धूळ मात्र जीव खाते. एकदा ती वाळत घातलेल्या आमसुलांवर बसली, तेव्हा घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. मास्क लावाच, नुसत्या लाकडाचा भुसा नाही तो, त्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो.

वजनाचंही बघा. ८ बाय ४ चं १८ एमएमचं शीट चाळीसेक किलो भरतं. प्लाय त्यापेक्षा हलकं.

माझं मन फिरलं ते एका बिजागरीवरून. मोरीला लागून एमडीएफचं छोटं कपाट केलं होतं. प्रायमर, रंगाचे दोन हात, सगळं चोख. फक्त जमिनीला टेकणारी कड तेवढी कोरी सोडली, तिथे कोण बघतंय म्हणून. जुलैत लादीला घाम सुटतो, वर रोजचं पुसणं. ऑगस्टपर्यंत ती कड चहात बुडवलेल्या बटरासारखी फुगली आणि खालच्या बिजागरीचे स्क्रू हाताने उपसून आले. लांब स्क्रू मारला, तर कड उभी चिरली. काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकल्या, तेवढ्यावर दिवाळी निघाली. पुढच्या पावसात दार पुन्हा लोंबायला लागलं. प्लायही भिजतं, नाही असं नाही, पण वाळलं की बरंचसं जागेवर येतं. एमडीएफ एकदा फुगलं की फुगलंच.

हिरव्या गाभ्याचं ओल सोसणारं एमडीएफ मिळतं. ते बरं आहे म्हणतात, असेलही. पण तेही पाण्यात उभं राहायला केलेलं नाही.

प्लायलाही खोडी आहेत. महाग पडतं, कडेला पट्टी मारावीच लागते (मी फणसाची मारतो, पिवळा रंग छान दिसतो) आणि आयएस ७१० चा (म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असूनही आत पोकळी निघू शकते. दुकानातच बोटाने ठोकत जा, पोकळ जागा आवाजावरून कळते.

मखर, फोटोफ्रेम, भिंतीवरचं शेल्फ यांना एमडीएफ खुशाल घ्या. मोरीजवळ किंवा पडवीत राहणारं काही असेल, तर मी तरी पदरचे चार पैसे जास्त घालून प्लायच घेईन. एमडीएफच वापरायचं असेल, तर खाली दोन इंचाचे पाय लावा आणि न दिसणाऱ्या कडा आधी रंगवा.