जळगाव–मुंबई: विमान की रेल्वे?

विमानाची सरळ रेषा साधारण 355 किमी, रुळांची वाट 420. अंतरात फरक फार नाही. वेळेत मात्र तास-सव्वा तास विरुद्ध साडेसहा-सात तास. पण कुसुंब्याच्या विमानतळावर तासभर आधी पोचा, मुंबईत सामानासाठी ताटकळा, मग टॅक्सीत अडका. घर ते घर चार तास धराच.

रात्रीच्या गाडीत जेवूनच चढायचं. मनमाड झोपेत जातं, इगतपुरीला गार वारा लागला की चादर ओढायची, पहाटे दादर. भरताची वांगी नि कळण्याच्या पिठाची पिशवी सीटखाली सरकवली, की तिचं वजन कोण करतंय!

त्याच दिवशी मंत्रालयात हजर व्हायचं असेल, आणि त्या दिवशी विमान असेल, तरच विमान. एरवी आपली रेल्वे.