आयरिश लोककथेच्या सिनेमाला संगीत: ओ रिआडाची पद्धत की कुले-कीलाची?

आयरिश धून ऑर्केस्ट्रात आणायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही ऐकाच. आयरिश संगीतकार शॉन ओ रिआडाने १९५९ च्या 'मिशे एरे' या माहितीपटात ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश उठावाच्या काळातल्या जुन्या फुटेजखाली अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ठेवला आणि 'रोशीन दुव' ही जुनी ओळखीची चाल दिली कुणाला, तर फ्रेंच हॉर्नला! ना पाइप्स (आयरिश बॅगपाइप), ना व्हिसल (छोटी आयरिश बासरी), तरी अंगावर काटा येतो, धून एकदम देशाएवढी मोठी होते.

दुसरा रस्ता 'साँग ऑफ द सी' (२०१४) या अ‍ॅनिमेशन सिनेमाचा. समुद्रात सील होऊन राहणारी आणि कातडं उतरवलं की माणूस होणारी सेल्की, तिची गोष्ट. इथे फ्रेंच संगीतकार ब्रुनो कुलेने कीला हा आयरिश बँडच सोबत घेतला. याचा फायदा मोठा आहे, कारण पाइप्स वाजवणारा एका स्वराला जो हलकासा झटका देतो ना, तो नोटेशनमध्ये पूर्ण उतरतच नाही, तो हातातच असावा लागतो.

इतिहासाचा पट असेल तर हॉर्नच हवा, पण लोककथेला मी डोळे झाकून दुसरा रस्ता घेईन, कथा जवळ बसून सांगितल्यासारखी वाटते. आणि गंमत बघा, खुद्द ओ रिआडाही पुढे लोकवाद्यांकडेच वळला, किओल्टोरी ख्वालन हा ग्रुप काढला आणि जुन्या तारेच्या हार्पच्या जवळ जाणारा आवाज हवा म्हणून त्यात स्वतः हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं, पण तारा छेडून वाजणारं जुनं वाद्य) वाजवायचा.