‘याला ट्रस रॉड लागतच नाही’ म्हणत गळ्यात मारलेला हेडलेस बास

जुना हेडलेस बास (खुंट्यांचं डोकं, म्हणजे हेडस्टॉक, नसलेली बास गिटार) घ्यायच्या विचारात असाल तर व्यवहार करण्याआधी हे वाचा. ज्याने मला गंडवलं त्याचं नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण हा माणूस बेधडक थापा मारणारा नव्हता. हेडलेस बासबद्दलच्या खऱ्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. वाद्यात जिथे जिथे खोट होती तिथे त्याने एकेक खरी गोष्ट चिकटवून ठेवली होती.

जाहिरातीत होतं: कंपनीचा हेडलेस बास, 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), कार्बनचा नेक (मान), डबल-बॉल तारांचा ब्रिज (दोन्ही टोकांना धातूचा बॉल असलेल्या तारा अडकवायची बैठक). फोटो बरेच होते, पण नेकच्या टोकाचा एकही धड नव्हता. कुठे अंधार, कुठे पट्टा आडवा आलेला. ट्रस रॉड म्हणजे तारांच्या ताणाने नेक वाकू नये म्हणून आत घातलेली, नटने आवळायची सळी. मी विचारलं, ‘ट्रस रॉडचा नट कुठून फिरवायचा?’ लगेच उत्तर आलं, ‘दादा, कार्बनच्या नेकला ट्रस रॉड लागतच नाही. स्टाइनबर्गरच्या एल-टूला तरी कुठे होता?’

आता यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांचा एल-टू हा हेडलेस बास 1980च्या सुमारास बाजारात आला, तो कार्बन फायबर आणि इपॉक्सीचा होता. पुढचा एक्सएल-टूही तसाच. तो नेक तारांच्या ताणाने वाकत नाही, म्हणून आत सळी घातलेलीच नव्हती. पण हे त्या कार्बनच्या बासपुरतं. त्याच आकाराचे होनर बी-टू किंवा स्पिरिट एक्सटी-टू लाकडी नेकचे आहेत आणि त्यांना ट्रस रॉड असतो. त्यामुळे ‘हेडलेस म्हणजे ट्रस रॉड नाही’ असं कोणी सुनावलं की पुढचा प्रश्न एकच विचारायचा: नेक नक्की कशाचा? तोही तोंडी नको. पिकअप (तारांखालचा चुंबकी भाग) उचलून किंवा नेकचा जोड उघडून, आतला फोटो मागा. वरचा काळा रंग काहीही सांगत नाही.

मी तोही मागितला होता. ‘तारा सोडल्या तर सेटिंग बिघडेल, कार्बन फार नाजूक असतो हो’ असं कळलं. ज्या नेकला ताणाने काही होत नाही म्हणून सळी लागत नाही, तोच नेक तारा सैल केल्याने बिघडणार! हे दोन्ही एकाच संभाषणात, चार ओळींच्या अंतराने. उरलेली रक्कम वाद्य हाती आल्यावर, असं ठरलं आणि आगाऊ पैसे गेले.

बास आला तो दिसायला झकास. ट्यून केला, वाजवला, आणि खालचा ई (सगळ्यात जाड तार) थोड्या वेळाने उतरलेला. परत चढवला, परत उतरला. कळवलं तर म्हणाला, ‘डबल-बॉल तारा बसायला वेळ घेतात, आठवडाभर वाजवा.’ इथेही अर्धं खरं: नवी तार थोडी ताणते, हे कुठल्याही बासवर होतं. पण डबल-बॉल तार खरं तर लवकर स्थिरावते. तिची दोन्ही टोकं पक्क्या खाचांत बसतात आणि खुंटीवर वेढे नसतातच, मग सरकणार काय? त्या ‘आठवडाभर’चा उपयोग त्याला झाला. उरलेले पैसे तेवढ्यात वसूल झाले.

शेवटी तार काढली आणि टोक उजेडात धरलं. हेडकडच्या बॉलखाली विजेच्या वायरवर चढवतात तसली काळी नळी होती. ती ब्लेडने चिरली. आत साधी बासची तार मधेच कापलेली, तिचं टोक एका पितळी कडीतून ओवून मागे दुमडलेलं, त्यावर बारीक तारेचे वेढे आणि वर सोल्डरच्या डागाचा एक गोळा. वेढ्यांखाली तारेवर घासल्याची चकचकीत रेघ पडली होती, साधारण नखाएवढी. तार तेवढी सरकली होती. कारखान्यातल्या तारेत आतली मूळ तारच बॉलभोवती फिरवून स्वतःवर पिळलेली असते. तिथे डागाचं काम नसतं. चारही तारा अशाच घरी बनवलेल्या.

एवढा उपद्व्याप कशासाठी, ते खरा डबल-बॉल संच लावताना कळलं. या तारांमध्ये दोन बॉलमधलं अंतर कारखान्यातच ठरलेलं असतं आणि ब्रिजवरचा तार ताणणारा सरकता जबडा थोडीच ढील खातो. माझ्या बासवर जबडा शेवटच्या टोकाला जाऊन टेकला तरी ई लोंबतच होता. म्हणजे तार लांब नव्हती, बासच आखूड होता. मोजपट्टी लावली. 34 इंच म्हणजे साधारण 864 मिलिमीटर, त्यामुळे नट (इथे, नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते बारावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) 432. तिथपर्यंत ठीक. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तिथपर्यंत) मात्र, सॅडल अगदी मागे ओढूनही, 423. ते निदान 432 हवं, आणि इंटोनेशनसाठी, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून, वर थोडं आणखी, जाड तारेला जास्तच. नऊ मिलिमीटरच्या या फरकाने बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) जवळजवळ 18 सेंट वर जातो; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कान तयार नसला तरी सूर मोजणारा साधा ट्यूनर हे दाखवतो.

मग गिटारच्या कारागिराकडे नेला. त्याने नेकच्या टोकावरची धातूची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली आणि काही न बोलता माझ्याकडे वळवली. खाली करवतीने कापलेलं लाकूड, आणि मधोमध ट्रस रॉडचं कापलेलं टोक. साध्या लाकडी बासचा हेडस्टॉक उडवला होता, त्याबरोबर सळीचा नटही गेला, नेकवर कार्बनसारखी दिसणारी चिकटपट्टी चढवली आणि ब्रिज अंदाजाने ठोकला. नट गेल्यावर सळी सैल झाली, म्हणून नेक पुढे वाकला होता. मधल्या फ्रेटांवर तारा उंच का होत्या याचं उत्तर तिथे मिळालं. तारेची खरी ओढ त्या दोन स्क्रूंवर, तेही लाकडाच्या कापलेल्या टोकात, जिथे स्क्रू सगळ्यात कमी धरतो. चार तारांचा मिळून ताण 70-80 किलोच्या घरात असतो, ही पट्टी उडून तोंडावर आली नाही हेच नशीब.

हेड कापून हेडलेस करणं यात गैर काही नाही. नीट हिशोब करून केलेले असे बास छान वाजतात. त्याला कारखान्यातला म्हणून विकणं ही लबाडी. विकणाऱ्याने नंतर फोन घेणं बंद केलं. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्यांनी ‘व्यवहार तुमच्या दोघांतला’ म्हणून हात झटकले. माझ्याकडे सगळी लेखी संभाषणं आहेत, ‘कार्बनचा नेक’ हे शब्द त्यात स्पष्ट आहेत, आणि पोलिसांत दिलेली तक्रार त्याच्याच आधारावर उभी आहे. म्हणून सौद्याच्या गोष्टी फोनवर बोलू नका, लिहून घ्या.

बघायला जाणार असाल तर मोजपट्टी, ट्यूनर आणि ॲलन कीचा संच न्या. बाराव्या फ्रेटपासून दोन्हीकडे मोजा. हार्मोनिक आणि दाबलेला सूर ताडून बघा. एक तार सोडायला लावा, आणि विकणारा कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा. ब्रिज डबल-बॉलचा आहे म्हणून बास अस्सल, असंही धरू नका. सुटे ब्रिज बाजारात मिळतात, आणि उलट आयबानेझच्या 2020च्या ईएचबी मालिकेसारखे कारखान्यातले हेडलेस बास साध्या एका बॉलच्या तारा घेतात.

असलाच बास आधीच घरी येऊन पडला असेल तर घरगुती डबल-बॉल तारा आधी काढून टाका. टोकाला स्क्रूने तार आवळणारी पट्टी बसवली की साध्या तारा चालतात. बॉल ब्रिजकडे ठेवायचा, दुसरं टोक आवळायचं, सूर स्थिर होईपर्यंत उरलेली तार कापायची नाही. गोल गाभ्याची तार असेल तर कापण्याआधी काटकोनात दुमडा, नाहीतर वरचे वेढे सैल होतात आणि तार मुकी वाजते. मी सध्या 40-95 जाडीचा हलका संच लावलाय, नेकवर ओढ कमी पडावी म्हणून. कारागिराने ब्रिज मागे सरकवून दिला, इंटोनेशन जमलं. नेकला इलाज नाही, फिंगरबोर्ड उखडून नवी सळी घालण्यापेक्षा नवा नेक स्वस्त पडेल असं त्याचं म्हणणं आहे.