दोनाचा पाच केला, आणि मला फूटभर कमी उंचीचा कंटेनर मिळाला

क्रेनने कंटेनर उतरवला तेव्हा मी तो बाहेरूनच पाहिला. चाळीस फुटी, रंग ताजा, वरच्या कोपऱ्यांवर उंच कंटेनरची खूण असलेले पिवळे-काळे पट्टे, दारावर ४५जी१ हा कोड. मागवला होता तसाच, हाय क्यूब, म्हणजे साध्यापेक्षा फूटभर उंच. उरलेले पैसे देऊन मोकळा झालो. क्रेन गेल्यावर आत टेप लावला, तर जमिनीपासून छतापर्यंत २.३९ मीटर!

हाय क्यूबमध्ये ही उंची २.६९ च्या आसपास भरते. मला आत इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग करून बसायची खोली करायची होती. त्या ३० सेंटीमीटरसाठीच तर मी जास्त पैसे मोजले होते.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दारावरचा कोड वाचा ना." वाचला होता की. पण तिरप्या उन्हात पुन्हा पाहिलं तेव्हा ५ च्या खाली जुना २ उमटलेला दिसला.

या कोडचा पहिला आकडा लांबीचा: २ म्हणजे वीस फूट, ४ म्हणजे चाळीस. पंचेचाळीस फुटीला एल हे अक्षर असतं. दुसरा आकडा उंचीचा: २ म्हणजे साडेआठ फूट, ५ म्हणजे साडेनऊ. पुढचं अक्षर प्रकाराचं: जी साध्या मालाचा, आर थंड मालाचा, यू वरून उघडा, टी टाकीचा. म्हणजे ४२जी१ चा ४५जी१ करायला एकच आकडा रंगवावा लागतो. पट्टे तर काय, कोणीही मारेल.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. दारावर वजनांच्या खाली घनफळही लिहिलेलं असतं. माझ्या दारावर ६७.७ घनमीटर आहे, हाय क्यूबचं ७६ च्या घरात असतं. तो बदलायचं बेटा विसरला. सौद्याआधी पाठवलेल्या फोटोतही तो आकडा स्वच्छ दिसतो. मी पट्टे पाहत बसलो.

मग दारावरचा कंटेनरचा नंबरही तपासला. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा आकडा. हा सातवा ताळ्याचा असतो. अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, प्रत्येक स्थानाला १, २, ४, ८ असं दुपटीने गुणत जायचं, बेरजेला ११ ने भागायचं. बाकी त्या आकड्याशी जुळली पाहिजे (१० उरले तर शून्य). माझी जुळली नाही, म्हणजे नंबरातही हात घातलेला. दारावर सुरक्षिततेची धातूची पाटी असते, तिच्यावर बनवल्याची तारीख आणि कमाल वजन कोरलेलं असतं. तिथे फक्त रिव्हेटची भोकं उरली आहेत. "आठच वर्षं वापरलाय" हे आता कशावरून ताडून पाहणार?

परत घ्यायला तो तयार झाला, पण जाण्या-येण्याचं क्रेन-ट्रेलरचं भाडं मी भरायचं या अटीवर. मी नाद सोडला. आता त्यात सामान ठेवतो.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी दाराशेजारी टेप उभा धरून व्हिडिओ मागवा. बाहेरून साधा २.५९ मीटर भरतो, हाय क्यूब २.९०. आणि त्याच व्हिडिओत पाटीही जवळून दाखवायला सांगा.